जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलण्याचा योग्य क्रम : एच६१ मदरबोर्डचे उदाहरण घेऊन

जुना प्रोसेसर काढून नवा बसवण्याचे काम हात बसलेल्या माणसाला अर्ध्या तासात जमते. ते बिघडते तेव्हा चूक बहुतेक वेळा कॅबिनेट उघडण्यापूर्वीच झालेली असते. पंखे फिरतात, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो, अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी प्रोसेसर विकत घेतलेला असतो, मग तो बसवलेला असतो आणि मदरबोर्ड त्याला चालवू शकतो का, ही चौकशी सर्वांत शेवटी केलेली असते. पुढे दिलेला क्रम याच्या नेमका उलट आहे आणि त्यातील टप्पे मागेपुढे करू नयेत.

उदाहरणासाठी २०११ ते २०१३ या काळात मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या, एच६१ चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप) आणि एलजीए ११५५ सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची जागा) असलेल्या संगणकाचा विचार केला आहे. यात सहसा पेंटियम जी६३० किंवा आय३-२१०० हा दोन कोअरचा प्रोसेसर आणि डीडीआर३ रॅम असते. त्याच सॉकेटवर चार कोअरचा आय५-३४७० किंवा आय७-३७७० बसू शकतो. मात्र ‘शकतो’ या शब्दाला काही अटी आहेत. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर जे वेगळे करावे लागते, ते शेवटच्या भागात सांगितले आहे.

१. अडथळा प्रोसेसरचाच आहे का, हे पाहणे

संगणक ज्या कामात रखडतो ते काम सुरू ठेवून टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्स या विभागात चार-पाच मिनिटे नजर ठेवावी. डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर चिकटलेला आणि सीपीयू (म्हणजेच प्रोसेसर) मात्र तीस-चाळीस टक्क्यांवर असेल, तर दोष फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. तिच्या जागी एसएसडी बसवल्याने जो फरक पडेल, तो कोणत्याही प्रोसेसरने पडणार नाही. एच६१ चिपसेटचे साटा (डिस्क जोडण्याचे) पोर्ट जुन्या, ३ गिगाबिटच्या वेगाचे असले तरी हे खरेच आहे. रॅम ४ जीबी असून ती सतत भरलेली दिसत असेल, तर आधी रॅम वाढवावी. एच६१ वर रॅमच्या दोनच खाचा असतात आणि कमाल मर्यादा १६ जीबी असते.

सीपीयूचा आकडा वारंवार शंभरला भिडत असेल, तरच पुढे जावे. आणखी एका बाबतीत अपेक्षा आधीच स्पष्ट असलेली बरी. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर येतात. त्यामुळे आय७-३७७० बसवला तरी हा संगणक विंडोज ११ साठी पात्र ठरत नाही. ज्यांना तेवढ्यासाठीच बदल करायचा आहे, त्यांनी हे पैसे येथे घालू नयेत.

२. मदरबोर्डची नेमकी ओळख पटवणे

‘माझा बोर्ड एच६१ आहे’ एवढी माहिती पुरेशी नसते. बोर्डाचे पूर्ण मॉडेल, त्याची आवृत्ती आणि सध्याच्या बायोसचा (बोर्ड सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा) क्रमांक, या तीनही गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात. मॉडेल आणि बायोस क्रमांक सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅमच्या मेनबोर्ड या पानावर दिसतात. आवृत्ती मात्र बोर्डावरच, बहुधा एखाद्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत छापलेली असते आणि ती डोळ्यांनीच वाचावी लागते. एकाच नावाच्या बोर्डाच्या १.० आणि २.० या आवृत्त्यांसाठी बायोसच्या फाइली वेगवेगळ्या असू शकतात, म्हणून हा तपशील टाळू नये.

त्यानंतर बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचे पान उघडून चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी शोधावी. यादीत प्रत्येक प्रोसेसरसमोर तो कोणत्या बायोसपासून चालतो, हे दिलेले असते. एलजीए ११५५ वर दोन पिढ्या बसतात: २ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांची सँडी ब्रिज आणि ३ ने सुरू होणारी आयव्ही ब्रिज. सुरुवातीच्या एच६१ बोर्डांना आयव्ही ब्रिज ओळखण्यासाठी बायोस अद्ययावत करावे लागते. काही बोर्डांवर त्यासोबत मॅनेजमेंट इंजिन या चिपसेटमधल्या छोट्या नियंत्रकाचे फर्मवेअरही (त्याचा अंगभूत प्रोग्रॅम) बदलते.

सावधान: सॉकेट सारखे म्हणजे प्रोसेसर चालणारच, हा समज सर्वांत महागात पडतो. ११५५, ११५६ आणि ११५० ही तीन वेगळी सॉकेटे आहेत आणि एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. याहून फसवे उदाहरण एलजीए ११५१ चे आहे. तेथे आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या एच११० बोर्डाच्या सॉकेटमध्ये व्यवस्थित बसतो, पण चालत नाही. त्याला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो.

ब्रँडेड संगणक असेल तर अधिक जपावे. डेलचा ऑप्टिप्लेक्स ३९० किंवा ७९० फक्त सँडी ब्रिज चालवतो, तर दिसायला तसाच असलेला ३०१० किंवा ७०१० आयव्ही ब्रिजही चालवतो. ३९० च्या मालकाने कितीही बायोस शोधले तरी आय५-३४७० चालणार नाही. त्याने आय५-२४०० किंवा आय७-२६०० पाहावा.

तपासणी: ज्या प्रोसेसरचे नाव यादीत आहे आणि ज्याच्यासाठी लागणारे बायोस उपलब्ध आहे, अशा दोन-तीन मॉडेलांची नोंद हातात असल्याखेरीज बाजारात जाऊ नये.

३. प्रोसेसरची निवड

यादीतला सर्वांत मोठा क्रमांक उचलणे शहाणपणाचे असतेच असे नाही. स्वस्त एच६१ बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग बेताचा असतो आणि त्यावर उष्णता काढण्यासाठी धातूची पट्टीही नसते. आय७-२६०० ची उष्णतेची मर्यादा ९५ वॅट आहे, तर आय७-३७७० आणि आय५-३४७० यांची ७७ वॅट. आय३-२१०० ची ६५ वॅट होती. दहा-बारा वर्षे चाललेल्या बोर्डावर, बायोस साथ देत असेल तर, मी ७७ वॅटचाच प्रोसेसर निवडेन. सॉकेटभोवतीच्या कपॅसिटरांपैकी एखादा जरी वरून फुगलेला दिसला, तर अशा बोर्डावर खर्च करण्याचा विचार सोडून द्यावा.

क्रमांकानंतरच्या अक्षराकडे दुर्लक्ष करू नये. के म्हणजे वेग वाढवण्याची मुभा. एच६१ वर तिचा उपयोग नाही, त्यामुळे त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. एस म्हणजे कमी विजेचा. टी म्हणजे आणखी कमी विजेचा, आणि येथे खरा धोका आहे: आय५-३४७० ला चार कोअर आहेत, पण आय५-३४७०टी ला दोनच. पी अक्षराच्या आय५-३३५०पी मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, आणि स्वस्त मिळतो म्हणून अनेक जण घेतात त्या झिऑन ई३-१२३० व्ही२ मध्येही ते नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात असा प्रोसेसर बसवला, तर तो उत्तम चालू असूनही पडद्यावर काहीच दिसणार नाही.

हे प्रोसेसर आता वापरलेलेच मिळतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, वरच्या धातूच्या झाकणावरची अक्षरे वाचूनच घ्यावा. त्यावर मॉडेलखेरीज पाच अक्षरांचा एक संकेत असतो. आय५-३४७० वर एसआर०टी८ आणि आय७-३७७० वर एसआर०पीके. झाकणावर ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असे कोरलेले असेल तर तो चाचणीसाठी बनवलेला नमुना आहे आणि घरगुती बोर्ड तो ओळखेलच असे नाही. खालच्या सोनेरी ठिपक्यांवर जळल्याचे डाग किंवा ओरखडे नसावेत, कडेचे सूक्ष्म घटक निघालेले नसावेत आणि शक्य असल्यास दुकानातच दुसऱ्या संगणकावर तो सुरू करून पाहावा. परत करण्याची मुदत किती, हे बिलावर लिहून घ्यावे.

४. साहित्य आणि नोंदी

साहित्य फारसे लागत नाही: फुलीचा स्क्रूड्रायव्हर, थर्मल पेस्टची (प्रोसेसर आणि त्यावरची उष्णता काढणारी धातूची हीटसिंक यांमधल्या लेपाची) नवी नळी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारे कापड किंवा कॉफी फिल्टरचा कागद, मऊ ब्रश आणि सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरी. शेवटची वस्तू लोक विसरतात. इतक्या वर्षांनी बोर्डावरची बॅटरी उतरलेली असण्याचीच शक्यता जास्त.

साहित्यापेक्षा नोंदी महत्त्वाच्या आहेत. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. मग बायोसच्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र काढावे आणि त्यात साटाची पद्धत एएचसीआय आहे की आयडीई, हे स्पष्ट दिसेल याची खात्री करावी. बायोस अद्ययावत केल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर ही नोंद मूळ स्थितीला जाते आणि विंडोज निळा पडदा दाखवून सुरू होण्यास नकार देते. अशा वेळी लोक नव्या प्रोसेसरला दोष देतात आणि विंडोज नव्याने टाकून मोकळे होतात. प्रत्यक्षात एकच पर्याय पूर्ववत करायचा असतो. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचे ड्राइव्ह कुलूपबंद करणारे संरक्षण) सुरू असेल, तर तो तात्पुरता स्थगित करून त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी.

५. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करणे

नवा प्रोसेसर ओळखण्यासाठी नवे बायोस लागते, आणि ते टाकण्यासाठी बोर्ड सुरू व्हावा लागतो. जुन्या बायोसवर तो फक्त जुन्या प्रोसेसरने सुरू होतो. म्हणून हे काम आधी.

कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलची आणि आवृत्तीची फाइल उतरवावी व तिच्यासोबतची सूचना शेवटपर्यंत वाचावी. काही बोर्डांवर मधले एखादे बायोस टाकल्याशिवाय शेवटचे स्वीकारले जात नाही. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ती फाइल ठेवावी आणि बायोसमधल्याच सोयीतून ती चढवावी. गिगाबाइटवर तिला क्यू-फ्लॅश, आसूसवर ईझी फ्लॅश, एमएसआयवर एम-फ्लॅश आणि अ‍ॅसरॉकवर इन्स्टंट फ्लॅश म्हणतात. निर्मात्याने विशेष सांगितल्याशिवाय विंडोजच्या आतून बायोस बदलू नये.

सावधान: ही प्रक्रिया चालू असताना वीज गेली, तर बोर्ड निकामी होऊ शकतो. संगणक यूपीएसवर असावा आणि त्या यूपीएसची बॅटरी किमान दहा मिनिटे भार पेलते, हे आधी तपासलेले असावे. ज्या भागात भारनियमन आहे किंवा वळवाच्या पावसात वीज येते-जाते, तेथे हे काम दुसऱ्या दिवशी केलेले चालेल.

तपासणी: संगणक पुन्हा सुरू करून नवा बायोस क्रमांक वाचावा, साटाची नोंद पूर्ववत करावी आणि जुन्या प्रोसेसरवरच विंडोज एक-दोन दिवस नीट चालते का, ते पाहावे. काही गडबड झाली तर ती बायोसची आहे, हे आता निश्चित कळते. दोन्ही बदल एकाच बैठकीत केले तर दोष कोणाचा, हे शोधण्यात अख्खा दिवस जातो.

६. हीटसिंक उतरवणे

संगणक पाच-दहा मिनिटे चालवून पेस्ट किंचित गरम होऊ द्यावी, मग बंद करून प्लग भिंतीतून काढावा आणि पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे. कॅबिनेट आडवे ठेवावे. शरीरातील स्थिर वीज उतरवण्यासाठी कॅबिनेटच्या न रंगवलेल्या धातूला हात लावावा आणि काम करताना हा स्पर्श अधूनमधून करत राहावा. गालिचावर बसून हे काम करू नये.

पंख्याची तार बोर्डावरून काढावी. इंटेलच्या मूळ हीटसिंकला चार खुंट्या असतात. प्रत्येक खुंटी तिच्यावरील बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून सरळ वर ओढावी. चारही सुटल्यावर हीटसिंक किंचित डावी-उजवी फिरवून अलगद उचलावी. जुन्या पेस्टने ती घट्ट धरली असेल तर झटका देऊ नये. पुन्हा फिरवत राहावे. पाती धुळीने बुजलेली असतील तर ती आताच ब्रशने साफ करावीत.

७. प्रोसेसर बदलणे

जुन्या प्रोसेसरवरची पेस्ट तो सॉकेटमध्ये असतानाच पुसावी, म्हणजे ती खालच्या पिनांपर्यंत जाणार नाही. सॉकेटशेजारची धातूची दांडी खाली दाबून बाहेरच्या बाजूला सरकवावी आणि वर उचलावी. वरची चौकट मोकळी होते. प्रोसेसर कडांना धरून सरळ वर घ्यावा.

आता ११५५ नाजूक पिना उघड्या आहेत. त्यांना बोट, कापड किंवा ब्रश काहीही लागू देऊ नये. एक जरी पिन वाकली, तरी रॅमची एक खाच बंद पडण्यापासून संगणक अजिबात सुरू न होण्यापर्यंत काहीही होऊ शकते. विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून पाहावे. सगळ्या पिना एकाच दिशेने चमकल्या पाहिजेत.

नवा प्रोसेसर धरताना त्याच्या कडेच्या दोन खाचा सॉकेटमधल्या दोन उंचवट्यांशी जुळवाव्यात आणि कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या खुणेकडे ठेवावा. मग तो फक्त खाली ठेवावा. दाबायचा नाही, सरकवायचा नाही. तो सपाट बसला नसेल तर उचलून पुन्हा ठेवावा. चौकट खाली घेऊन तिचे टोक समोरच्या स्क्रूच्या डोक्याखाली अडकवावे आणि दांडी परत जागेवर आणावी. शेवटी बराच जोर लागतो आणि करकर असा आवाज येतो. प्रोसेसर सपाट बसलेला असेल तर हा आवाज अपेक्षितच असतो. घाबरून दांडी अर्ध्यावर सोडू नये.

८. पेस्ट आणि हीटसिंक

हीटसिंकचा तळ आणि प्रोसेसरचे झाकण, दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे होऊ द्यावे. जुन्या पेस्टवर नवी लावणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. झाकणाच्या मध्यभागी वाटाण्यापेक्षा थोडा लहान थेंब पुरतो. हीटसिंकच्या दाबाने तो आपोआप पसरतो. बोटाने पसरवू नये, त्यात हवेचे बुडबुडे राहतात.

हीटसिंक बसवण्याआधी चारही खुंट्या बाणाच्या उलट दिशेने फिरवून मूळ स्थितीत आणाव्यात. हीटसिंक सरळ ठेवून समोरासमोरच्या कोपऱ्यांतील खुंट्या जोडीने दाबाव्यात, प्रत्येकीचा खट्‌ असा आवाज येईपर्यंत. मग पंख्याची तार सीपीयू फॅन असे लिहिलेल्या जागीच लावावी.

तपासणी: हीटसिंकचा प्रत्येक कोपरा हलकेच वर ओढून पाहावा. एखादा कोपरा उचलला जात असेल तर ती खुंटी अडकलेली नाही. कॅबिनेटला मागून झरोका असेल, तर बोर्डाच्या मागे चारही पांढऱ्या पायांमधून काळी पिन बाहेर आलेली दिसली पाहिजे. नवा प्रोसेसर अधिक तापतो, म्हणून आय३ सोबत चालून गेलेली एक सैल खुंटी आय७ सोबत चालणार नाही.

याच वेळी सीआर२०३२ बॅटरी बदलावी.

९. पहिली सुरुवात

कॅबिनेटचे झाकण उघडेच ठेवून फक्त कीबोर्ड, पडदा आणि वीज जोडावी. पहिल्यांदा संगणक एक-दोन वेळा आपोआप बंद-चालू होऊ शकतो, मिनिटभर थांबावे. नवा प्रोसेसर आढळल्याचा संदेश आल्यास सांगितलेले बटण दाबून बायोसमध्ये जावे आणि प्रोसेसरचे नाव, रॅमचा पूर्ण आकडा व तापमान पाहावे. तारीख, साटाची पद्धत आणि बूटचा क्रम छायाचित्रांप्रमाणे लावून बदल जतन करावेत.

पडदा काळाच राहिला, तर पुढील क्रमाने पाहावे. प्रोसेसरसाठीची चार पिनांची १२ व्होल्टची तार हीटसिंक हलवताना सैल झाली आहे का? पडद्याची केबल योग्य पोर्टला आहे का? रॅमची एकच पट्टी, आलटून पालटून दोन्ही खाचांत लावून पाहिली का? त्यानंतर बोर्डावरचा सीएमओएस जंपर वापरून बायोस मूळ स्थितीला आणावे. तरीही काही नाही, तर जुना प्रोसेसर परत बसवावा. तो चालला तर दोष नव्या प्रोसेसरचा किंवा बायोसचा आहे. तोही चालला नाही तर सॉकेटच्या पिना भिंगाखाली पाहाव्या लागतील.

१०. उष्णतेची परीक्षा

विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम उघडून रिकाम्या वेळचे तापमान लिहून घ्यावे आणि मग सिनेबेंचसारखा पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम दहा मिनिटे चालवावा. भाराखाली ७० ते ८० अंश सेल्सिअस चालतील. विदर्भात मे महिन्यात खोलीच चाळिशीत असते, तेथे आणखी चार-पाच अंश सोडून द्यावे लागतील. परंतु भार टाकताच काही सेकंदांत आकडा नव्वदीपार गेला तर ताबडतोब थांबावे; तो उन्हाळ्याचा नव्हे, सैल हीटसिंकचा किंवा चुकलेल्या पेस्टचा परिणाम असतो. या पिढीचे प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात, म्हणून संगणक बंद पडत नाही आणि मालकाला वाटते की नवा प्रोसेसरच मंद आहे.

भाराखाली संगणक अचानक पूर्ण बंद झाला आणि तापमान मात्र ठीक होते, तर संशय एसएमपीएसवर (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावर) घ्यावा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर फार विसंबू नये.

एएम४ बोर्ड असल्यास

रायझन ३-१२०० किंवा रायझन ५-१६०० काढून रायझन ५-५६०० बसवणाऱ्यांना वरील बहुतेक टप्पे लागू आहेत, पण तीन फरक आहेत. पहिला, पिना प्रोसेसरला असतात, आणि सुकलेली पेस्ट प्रोसेसरला बंद सॉकेटमधून उपटून हीटसिंकसोबत वर आणते. येथे संगणक गरम करणे आणि हीटसिंक फिरवून सोडवणे ऐच्छिक नाही. दुसरा, ३०० मालिकेच्या काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून जागेअभावी एएमडीच्या जुन्या ए-मालिकेच्या प्रोसेसरांचा पाठिंबा काढलेला आहे; असा प्रोसेसर असेल तर बायोस चढवल्यावर तो पुन्हा सुरू होणार नाही, म्हणून नवा प्रोसेसर हातात असल्याशिवाय ते बायोस टाकू नये. तिसरा, प्रोसेसर बदलताच त्यातील एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) बदलते आणि बायोस त्याबद्दल विचारते. बिटलॉकरची रिकव्हरी की नसताना होकार दिल्यास ड्राइव्ह कुलूपबंद राहतो. ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही. ते हवे असेल तर ५६००जी घ्यावा.

काढलेला प्रोसेसर लगेच विकू नये. नव्याची परत करण्याची मुदत संपेपर्यंत तो खाली ठिपक्यांना किंवा पिनांना स्पर्श होणार नाही अशा प्लास्टिकच्या साच्यात ठेवावा आणि त्या साच्यावर बोर्डाचे मॉडेल व तो ज्या बायोसवर चालतो त्याचा क्रमांक लिहून चिकटवावा.